जुन्या डिझेल इंजिनातून घरची वीज

'भारनियमन' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत रुळला तो २००५ नंतरच्या काही वर्षांत. ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे आणि शहरांतही वेळापत्रक पाहून दळण-पाण्याची कामे उरकावी लागत. २००६ मध्ये पुण्यातील उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून वाचलेली वीज शहराला उपलब्ध करून देण्याचा प्रयोग झाला. त्याचा वाढीव खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल करण्यात आला. पुढे विजेची तूट बरीचशी भरून निघाली, तथापि वीज जाण्याची कारणे संपली नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई आणि परिसर काही तास ठप्प झाला. त्याच वर्षी ३ जून रोजी आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे खांब आडवे केले आणि अनेक गावांना कित्येक दिवस विजेविना काढावे लागले.

अशा वेळी गावाकडच्या घराच्या पडवीत किंवा विहिरीशेजारच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या डिझेल इंजिनाची आठवण होते. त्याला अल्टरनेटर जोडून घरापुरती वीज मिळवता येईल का, हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर होकारार्थी असते. ही इंजिने साधी, भक्कम आणि दुरुस्त करता येतील अशीच बनवलेली आहेत. मात्र इंजिन सुरू झाले म्हणजे काम पुरे झाले, असे नव्हे. इंजिनाची वीज घराच्या वायरिंगला जिथे मिळते आणि त्याचा धूर जिथे सोडला जातो, त्या दोन ठिकाणी जिवाशी गाठ असते. दुरुस्तीचा विचार करताना या दोन गोष्टी शेवटी नव्हे, तर सुरुवातीलाच ठरवाव्या लागतात.

विहिरीवरचे इंजिन

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये आपले पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखवले. त्यानंतर अर्धशतकाच्या आतच हे यंत्र महाराष्ट्राच्या शेतीत आले. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने डिझेल इंजिने बनवली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स'ची स्थापना झाली. मोटेची जागा इंजिनाने घेतली आणि 'विहिरीवर इंजिन बसवणे' हा शेतकरी कुटुंबाच्या प्रगतीचा टप्पा ठरला. ग्रामीण विद्युतीकरणानंतर विजेचे पंप आले आणि ही इंजिने बाजूला पडली. त्यांपैकी पुष्कळशी झिजून नव्हे, तर केवळ गरज न उरल्याने बंद झाली. त्यामुळेच ती पुन्हा चालू होण्याची शक्यता मोठी असते.

घरगुती जनित्रासाठी प्रामुख्याने दोन प्रकारची इंजिने विचारात घेतली जातात. पहिला प्रकार मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या, पाण्याने थंड होणाऱ्या एक सिलिंडरच्या इंजिनांचा. किर्लोस्करचे 'एव्ही-१' हे त्याचे परिचित उदाहरण. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर आणि शक्ती ५ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट असते. दुसरा प्रकार मंदगती इंजिनांचा. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीच्या मूळ रचनेवरून राजकोटच्या कारखान्यांनी ती मोठ्या संख्येने बनवली. दोन्ही बाजूंना जड फ्लायव्हील असलेली ६ अश्वशक्तीची अशी इंजिने मिनिटाला ६५० फेऱ्यांवर चालतात.

हा फरक महत्त्वाचा आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असते आणि नेहमीच्या चार ध्रुवांच्या अल्टरनेटरमधून ती मिळवायची तर त्याला मिनिटाला १५०० फेरे द्यावे लागतात. पहिल्या प्रकारचे इंजिन त्यामुळे अल्टरनेटरला थेट जोडता येते. मंदगती इंजिनाला लहान-मोठ्या पुली आणि पट्टे लावून वेग वाढवावा लागतो. अधिक वीज मिळावी म्हणून मंदगती इंजिनाचाच वेग वाढवणे हा जीवघेणा प्रकार आहे. ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील ठरलेल्या वेगापलीकडे फिरवल्यास ते फुटून त्याचे तुकडे दूरवर उडू शकतात.

इंजिन दुरुस्तीयोग्य आहे का?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा अतिसूक्ष्म फवारा सोडला की ते आपोआप पेटते. म्हणजे इंजिन चालण्यासाठी दोनच गोष्टी नीट असाव्या लागतात: हवेचा दाब आणि योग्य क्षणी सुटणारा फवारा. जुन्या इंजिनाची तपासणी याच दोन दिशांनी केली जाते.

सर्वप्रथम इंजिन हाताने फिरते का, हे पाहावे. डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून, म्हणजे सिलिंडरमधील हवेला वाट मोकळी ठेवून, फ्लायव्हील सावकाश फिरवावे. ते फिरत असेल तर लिव्हर सोडून पुन्हा फिरवावे. दाब चांगला असलेल्या इंजिनाचे चाक एका जागी अडते आणि किंचित उलट उसळते. चाक सहज फिरत राहिले तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेड गॅस्केट यांपैकी कशातून तरी दाब निसटत आहे, असे समजावे.

चाक मुळीच हलत नसेल तरी निराश होण्याचे कारण नाही. सायलेन्सरमधून किंवा हवेच्या तोंडातून पावसाचे पाणी शिरून रिंगा गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या असतात. डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओतून चार-आठ दिवस वाट पाहावी. हॅन्डलला लांब पाइप लावून जोर करणे हा सर्वात सोपा आणि सर्वात नुकसानकारक उपाय होय. त्यात कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा रिंगा तुटतात. तेल मुरूनही पिस्टन सुटला नाही तर हेड उतरवून, पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने तो सोडवावा लागतो.

ब्लॉकला तडा गेला असेल, क्रँकशाफ्ट खोलवर चरला असेल किंवा इंजिनाचा सुटा भागच बाजारात मिळत नसेल तर मोह आवरणे शहाणपणाचे. प्रचलित इंजिनांचे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट जिल्ह्याच्या बाजारपेठेत सहसा मिळतात. अप्रचलित इंजिन फुकट मिळाले तरी ते महाग पडते.

उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर

सुटे भाग काढण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक नटबोल्ट, शिम आणि पाइप चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यांत ठेवावा. फ्युएल पंपाखालच्या पातळ शिम विशेष जपाव्यात. डिझेलचा फवारा नेमका कधी सुटावा हे त्यांच्या जाडीवर अवलंबून असते आणि एक शिम हरवली की इंजिन ठोके देऊ लागते किंवा सुरूच होत नाही.

जुन्या इंजिनांच्या गॅस्केटमध्ये आणि सायलेन्सरच्या वेष्टनात अनेकदा अॅस्बेस्टॉस वापरलेले असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. अशी गॅस्केट कोरडी खरवडू नयेत, तारेच्या ब्रशने घासू नयेत; ती ओली करून, तोंडाला योग्य मास्क लावून काढावीत आणि पिशवीत बंद करावीत.

तळाच्या टाकीतील तेल काढताना त्याचा रंग पाहावा. दुधाळ तेल म्हणजे त्यात पाणी मिसळले आहे. पाणी बाहेरून आले की हेड गॅस्केट अथवा लायनरच्या रबरी रिंगांतून आले, याचा शोध घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. काढलेले तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. विहिरीचे पाणी नासते. वापरलेले तेल अधिकृतपणे गोळा करणाऱ्यांकडेच द्यावे.

हेड उतरवल्यावर व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका तपासाव्यात. थोडी झीज असेल तर पेस्ट लावून घासून बैठक बसवता येते. लायनरच्या वरच्या टोकाशी, जिथे रिंगांची धाव संपते, तिथे नखाला लागणारा कंगोरा झीज दाखवतो. अचूक माप मात्र बोअर गेजनेच घ्यावे. झीज निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेपलीकडे असेल तर लायनर, पिस्टन आणि रिंगा यांचा जोड एकत्रच बदलावा. जुन्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालून केलेली बचत काही महिन्यांत निळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते.

पाण्याच्या जॅकेटमध्ये साचलेला क्षार आणि गाळ काढणे हे कंटाळवाणे, पण अत्यावश्यक काम होय. विहिरीच्या कठीण पाण्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या इंजिनात खवल्यांचा इतका थर असतो की बाहेरून पाणी वाहत असूनही सिलिंडर तापत राहतो. जोडणी पूर्ण झाल्यावर पाणी भरून एक रात्र ठेवावे आणि सकाळी तळाच्या टाकीत पाणी उतरले नाही ना, हे पाहावे.

पंप आणि नोझल: इंजिनाचे मर्म

बंद पडलेल्या डिझेल इंजिनांचा मोठा दोष इंधनमार्गात सापडतो. टाकीत राहिलेले डिझेल कालांतराने घट्ट आणि चिकट होते; तळाशी पाणी साचते आणि त्यात बुरशीसारखा गाळ तयार होतो. टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी, आतून गंजली असल्यास बदलावी. फिल्टर आणि रबरी नळ्या नव्याच घालाव्यात.

फ्युएल पंप आणि नोझल यांचे आतील भाग एका मिलिमीटरच्या हजारांश भागांइतक्या अचूकतेने बनवलेले असतात. ते घरी उघडण्याऐवजी पंप-नोझलची दुरुस्ती करणाऱ्या दुकानात न्यावेत. तेथे चाचणी यंत्रावर नोझल किती दाबाला उघडते, फवारा सर्व बाजूंनी सारखा पडतो का आणि शेवटी थेंब गळतो का, हे पाहिले जाते. अशा इंजिनांत नोझल साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅमच्या आसपासच्या दाबाला उघडते.

या दाबाचा फवारा कातडी भेदून थेट मांसात शिरू शकतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, वेदनाही आरंभी फारशी नसते. परंतु आत शिरलेले डिझेल ऊतींचा नाश करते आणि वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. त्यामुळे फवारा येतो का, हे पाहण्यासाठी नोझलसमोर कधीही हात धरू नये. असा अपघात झालाच तर घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठावे.

अल्टरनेटर

५ अश्वशक्तीच्या इंजिनाला सहसा ३ केव्हीएचा एकफेजी अल्टरनेटर जोडला जातो. जुना अल्टरनेटर वापरायचा असेल तर प्रथम त्याच्या वेटोळ्यांचे इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घ्यावे. ते एक मेगओहमपेक्षा कमी असेल तर बहुधा आत ओल असते. बंद खोलीत दिव्यांच्या मंद उष्णतेने काही दिवस वाळवल्यावर अनेकदा मूल्य सुधारते. न सुधारल्यास रिवाइंडिंगला पर्याय नाही.

दीर्घकाळ पडून राहिलेल्या अल्टरनेटरबाबत आणखी एक अडचण येते. यंत्र फिरते, पण वीज तयार होत नाही. स्वतःची वीज वापरून चुंबकत्व निर्माण करणाऱ्या यंत्राला सुरुवातीला थोडे शिल्लक चुंबकत्व लागते आणि ते कालांतराने नाहीसे झालेले असते. जाणकार तंत्रज्ञ बॅटरीच्या साहाय्याने ते क्षणभरात पुन्हा देऊ शकतो. केवळ या कारणाने 'अल्टरनेटर जळाला' असे समजून भंगारात दिलेली यंत्रे कमी नाहीत.

इंजिन आणि अल्टरनेटर एकाच भक्कम चौकटीवर, एका सरळ रेषेत बसवावे लागतात. कपलिंगमधील किंचित तिरपेपणाही बेअरिंग लवकर खातो. पट्टे, पुली आणि कपलिंग यांवर जाळीचे झाकण असलेच पाहिजे. साडीचा पदर, ओढणी किंवा लुंगी फिरत्या चाकात अडकून होणारे अपघात इंजिनाइतकेच जुने आहेत.

पहिली सुरुवात

तेल, पाणी आणि ताजे डिझेल भरल्यानंतर इंधनमार्गातील हवा काढावी लागते. मिस्त्रींच्या भाषेत 'इंजिनाने एअर धरली' की ते काही केल्या सुरू होत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. मग पंप आणि शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट, याच क्रमाने हवा काढावी. सर्व नट घट्ट केल्यावर हॅन्डल फिरवताना नोझलचा बारीक करकर असा आवाज आला की फवारा सुटत आहे, हे कळते.

हॅन्डल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हॅन्डलभोवती वळवलेल्या अंगठ्याचे अथवा मनगटाचे हाड मोडते. लिव्हर उचलून चाकाला वेग द्यावा, मग लिव्हर सोडावी.

इंजिन सुरू करण्यापूर्वी ते बंद कसे करायचे, याची तयारी हवी. पेट्रोल इंजिन ठिणगी तोडली की थांबते. डिझेल इंजिनाला ती सोय नाही. बराच काळ पडून राहिल्याने पंपाची रॅक पूर्ण उघड्या स्थितीत अडकली असेल किंवा गव्हर्नर काम करत नसेल तर इंजिन अनियंत्रितपणे वेग घेते. हात घालून पाहण्याची ती वेळ नसते. त्यासाठी एअर फिल्टर काढून, हवेचे तोंड पूर्ण झाकेल अशी जाड सपाट फळी हाताशी ठेवावी. हवा तोडली की इंजिन थांबते. तोंडावर तळहात कधीही ठेवू नये. पहिल्या सुरुवातीच्या वेळी एक जण फळी घेऊन चाकाच्या रेषेबाहेर उभा असावा आणि मुलांना दूर ठेवावे.

सुरू झालेल्या इंजिनाचा धूर त्याची प्रकृती सांगतो. सुरुवातीचा पांढरा धूर थोड्या वेळात नाहीसा झाला पाहिजे. तो टिकला तर इंधन नीट जळत नाही अथवा पाणी आत येत आहे. निळा धूर तेल जळत असल्याचे दर्शवतो. काळा धूर म्हणजे भार जास्त, हवा कमी किंवा नोझल सदोष. पहिल्या तासात भार हलका ठेवावा, तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान पाहत राहावे आणि थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा ठरलेल्या मापाने आवळावेत. वेग असा जुळवावा की बिनभाराला वारंवारता ५२ हर्ट्झच्या आसपास आणि पूर्ण भाराला ५० हर्ट्झच्या जवळ राहील.

घराशी जोडणी

सर्वाधिक निष्काळजीपणा होतो तो या टप्प्यावर. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनित्राची वीज घरातील एखाद्या सॉकेटमध्ये खोचण्याचा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. मेन स्विच बंद करायला कोणी विसरले तर हीच वीज मीटरमधून बाहेर, खांबावरच्या तारांत आणि तेथून रोहित्रात जाते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. ११ हजार व्होल्टचे घरगुती दाबात रूपांतर करणारे तेच यंत्र घरातून आलेल्या २३० व्होल्टचे काही हजार व्होल्ट करते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात बळी जाऊ शकतो. वादळानंतर अंधारात तारा जोडणारा माणूस आणि अंधार नको म्हणून जनित्र चालवणारे घर एकाच तारेच्या दोन टोकांना असतात. शिवाय अशा वायरची उघडी पिन कोणाच्याही हाताला लागू शकते.

यावर उपाय एकच, तो म्हणजे चेंजओव्हर स्विच. घर एका वेळी एक तर महावितरणच्या किंवा अन्य वीजकंपनीच्या लाइनला जोडले जाईल किंवा जनित्राला. दोन्हींना एकाच वेळी जोडणे यांत्रिकदृष्ट्याच अशक्य असेल, अशी त्याची रचना असते. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. 'मेन बंद करण्याची आठवण ठेवू' हा चेंजओव्हरला पर्याय होऊ शकत नाही. रात्री, पावसात, घाईच्या वेळी ही आठवणच दगा देते.

अर्थिंगचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. वीजकंपनीच्या पुरवठ्यात न्यूट्रल रोहित्राजवळ जमिनीशी जोडलेला असतो. चेंजओव्हर जनित्राकडे वळवला की हा संबंध तुटतो. अल्टरनेटरचे एक टोक न्यूट्रल म्हणून योग्य रीतीने जमिनीशी जोडले नाही, तर धक्क्यापासून वाचवण्यासाठी बसवलेली आरसीसीबी गळती असूनही तुटत नाही. यंत्राचा सांगाडाही स्वतंत्रपणे अर्थ करावा लागतो. अल्टरनेटरच्या क्षमतेएवढा एमसीबी त्याच्याजवळच असावा. ही सारी कामे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावीत. विद्युत कायदा, २००३ नुसार स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करण्यास परवाना लागत नाही. सुरक्षेचे नियम मात्र लागू होतात. आपल्या संचाला तपासणी आवश्यक आहे का, याची विचारणा विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात करता येते.

धूर, आवाज आणि शेजारी

इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. बंद खोलीत, जिन्याखाली किंवा खिडकीलगत चालणारे इंजिन झोपलेल्या माणसांना जागे होण्याची संधीही देत नाही. डिझेल इंजिन पेट्रोलच्या तुलनेत हा वायू कमी सोडते. त्यामुळे ते घरात चालवता येते, असा मात्र अर्थ होत नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे. इंजिन घरापासून वेगळ्या, हवेशीर शेडमध्येच असावे. धुराचा पाइप छपराच्या वर न्यावा आणि पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून त्यावर झाकण बसवावे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. १ जानेवारी २००५ पासून तयार होणाऱ्या, १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनित्रांना आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा घालण्यात आली आणि १ जुलै २०२३ पासून नव्या जनित्रांच्या धुरावर अधिक कडक निकष लागू झाले. जुने उघडे इंजिन यांतील कशातही बसत नाही. त्यामुळे शहरातील गृहसंकुल, चाळ किंवा दाटीची वस्ती हे त्याचे स्थान नव्हे. मोकळे आवार असलेले गावाकडचे घर, फार्महाउस किंवा वस्तीपासून दूरचा बंगला अशाच ठिकाणी त्याचा विचार करावा. तेथेही रात्री ते बंद ठेवून दिवे-पंख्यांसाठी इन्व्हर्टर वापरणे शेजारधर्माला धरून होईल.

किती भार, किती खर्च?

३ केव्हीएच्या अल्टरनेटरमधून सुमारे २.४ किलोवॉट वीज घ्यावी. सहा एलईडी दिवे, चार पंखे, फ्रीज आणि दूरचित्रवाणी संच यांचा एकत्रित भार साधारण ६५० वॉट होतो. त्यात अर्ध्या अश्वशक्तीचा पाण्याचा पंप धरला तर तो सव्वा किलोवॉटच्या आसपास जातो. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते, म्हणून पंप प्रथम सुरू करून मग बाकीची उपकरणे लावावीत. गीझर, इस्त्री आणि वातानुकूलन यंत्र या भारात बसत नाहीत.

जास्त भाराइतकाच फार कमी भारही वाईट. केवळ चार दिव्यांसाठी तासन्‌तास चालवलेल्या इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, नोझल आणि व्हॉल्व्हवर काजळी धरते आणि सायलेन्सरमधून काळे ओशट पाणी गळू लागते. पाणी भरणे, फ्रीज थंड करणे आणि इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करणे ही कामे एकत्र करून इंजिन दिवसातून दोन-तीन तास चांगल्या भारावर चालवावे, हे उत्तम.

चांगल्या स्थितीतील असे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक ते सव्वा लिटर डिझेल घेते. डिझेल लिटरला ९० रुपये धरले तर एका युनिटचा केवळ इंधनखर्च ३५ ते ४५ रुपयांच्या घरात जातो. भार कमी असेल तर त्याहूनही अधिक. वीज दोन-चार तासच जात असेल तर इन्व्हर्टर किंवा सौर पॅनेलसह बॅटरी हा शांत आणि स्वस्त पर्याय ठरतो. वीज अनेक दिवस जाते, आकाश ढगाळ असते आणि विहिरीचे पाणी उपसायचे असते, अशा वेळीच जुन्या इंजिनाची खरी उपयुक्तता कळते.

देखभाल

दुरुस्त केलेले इंजिन पुन्हा कोपऱ्यात पडून राहिले तर दोन पावसाळ्यांत मूळपदावर येते. महिन्यातून एकदा ते अर्धा तास भारावर चालवावे. नव्या लायनर-पिस्टननंतरचे पहिले तेल लवकर बदलावे आणि पुढे पुस्तिकेतील तासांप्रमाणे. टाकीच्या तळाचे पाणी अधूनमधून काढावे, डिझेल वर्षानुवर्षे साठवू नये आणि चालू किंवा गरम इंजिनात ते कधीही ओतू नये. चालवलेल्या तासांची नोंद एका वहीत ठेवावी. इंजिन बंद कसे करायचे आणि चेंजओव्हर कसा फिरवायचा, हे घरातील किमान दोन प्रौढ व्यक्तींना ठाऊक असावे आणि तो क्रम शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. वादळाच्या रात्री ज्याने दुरुस्ती केली तोच माणूस घरी असेल, याची खात्री नसते.